जुन्या पुस्तकांचा कुबट वास : घरी काय करावे, आमच्याकडे काय आणावे

सप्टेंबरचा पाऊस झाला की सोलापुरातल्या आमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात कुबट पुस्तकांच्या पिशव्या येऊ लागतात. माळवद गळले, भिंतीला ओल धरली, कपाट त्याच भिंतीला टेकलेले होते, असे बहुतेक जण सांगतात. तोवर अत्तर, पावडर, उदबत्तीचा धूर सगळे करून झालेले असते. त्याने वासावर वास चढतो, मूळ वास तिथेच राहतो.

आधी वास ओळखा. जुन्या कागदाला गोडसर, व्हॅनिलासारखा वास येत असेल तर काळजी नको. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन वयाने विघटित होते, त्याचा तो वास. कुबट वास मात्र ओल्या गोणपाटासारखा असतो आणि तो बुरशीचा असतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी वाढते. जुन्या बांधणीत मैद्याची खळ असते, ती बुरशीला आणि कसरीला दोघांनाही आवडते. म्हणून तर खळीत मोरचूद (विषारी निळे तांब्याचे मीठ) घालायची पद्धत पडली. पाने हुंगून वास येत नसेल तर पुस्तकाची पाठ आणि पुठ्ठ्याची आतली बाजू हुंगून पाहा.

डागावर मऊ ब्रश हलकेच फिरवा. भुकटी उडाली तर बुरशी वाळलेली आहे, फासली गेली तर अजून ओली आहे. ओली असेल तर पुसू नका, आधी वाळवा. पुस्तक पंख्याच्या हवेत, सावलीत, पाने पंख्यासारखी उघडून उभे ठेवा. फार ओल्या पानांमध्ये कोरा शोषक कागद घाला आणि तो बदलत राहा. पूर्ण वाळल्यावर गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला मास्क लावून, बुरशी ब्रशने शिवणीकडून बाहेरच्या दिशेने झटका. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावे.

उरलेल्या वासासाठी झाकणाचा मोठा डबा घ्या. तळाशी वाटीत खायचा सोडा किंवा ॲक्टिव्हेटेड चारकोल ठेवा आणि पुस्तके अर्धवट उघडी उभी करा. सोडा पानांना लागता कामा नये. आठ-पंधरा दिवस असेच राहू द्या. पुस्तक थोडेही ओले असेल तर बंद डब्यात बुरशी आणखी माजेल, म्हणून हा उपाय वाळल्यानंतरच.

उन्हात मात्र ठेवू नका. शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका घरातून चादरीच्या नक्षीची वही आली होती, आलेख कागदावर एकेक चौकोन हाताने रंगवलेला. वास जावा म्हणून ती आठवडाभर गच्चीवर उघडी ठेवलेली. उन्हाकडची दोन पाने पिवळी पडून वाकली होती आणि डाळिंबी रंगाचे चौकोन फिकट गुलाबी झाले होते. मागच्या पानांवर तोच रंग जसाच्या तसा होता. गेलेला रंग आम्हाला परत आणता येत नाही. डांबरगोळ्याही नकोत, त्यांचा वास कागद वर्षानुवर्षे सोडत नाही आणि तो तब्येतीलाही बरा नाही.

सोलापूरची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, पुस्तकांच्या दृष्टीने हे मोठे भाग्य. तरीही एप्रिल-मे महिन्यात कुबट पुस्तके येतातच. कारण कूलर! दारे-खिडक्या लावून पाण्याचा कूलर रात्रभर चालला की खोलीत पावसाळ्यासारखा दमटपणा येतो. कूलरच्या झोतासमोर पुस्तकांचे कपाट नको, खिडकी थोडी उघडी हवी. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. पोथ्या प्लॅस्टिकमध्ये न ठेवता पूर्वीसारख्या सुती बासनात बांधा. संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा, हवा कोरडी आणि ऊन सौम्य असते. तेव्हा सगळी पुस्तके एकदा खाली काढून सावलीत वारे द्यावे.

एवढे करूनही वास राहिला तर पुस्तक आमच्याकडे आणा. बऱ्याचदा वास पानांत नसून पुठ्ठ्यात, अस्तराच्या कागदात आणि खळीत असतो. ते बदलून नवी जुजबंदी (पानांचे जुडगे शिवून केलेली बांधणी) केली की पुष्कळ फरक पडतो. पाने स्वतःच वास धरून बसली असतील तर तो कमी होतो, पूर्ण जात नाही, हे आम्ही काम घेण्याआधीच सांगतो. जुना पुठ्ठा, सही, नाव घातलेले पहिले पान हवे असेल तर तसे सांगा, ते जपून ठेवतो.

पुस्तक पाण्यात भिजले असेल तर थांबू नका. एक-दोन दिवसांत बुरशी धरते. चिकटलेली पाने न सोडवता, सुती कापडात गुंडाळून त्याच दिवशी घेऊन या.