कोसी आपले पात्र का सोडते?

उत्तर बिहारात पूर आला की बातम्यांत कोसीचे नाव येते आणि त्यापाठोपाठ एक ठरलेले कारण: नेपाळात मुसळधार पाऊस झाला, नेपाळने पाणी सोडले. मुळात कोसीवरचे बराज (दरवाजे असलेला बंधारा) नेपाळच्या हद्दीत असले तरी त्याचे दरवाजे बिहारचा जलसंपदा विभाग चालवतो. आणि २००८ चा महापूर तर या कारणात बसतच नाही. त्या वर्षी १८ ऑगस्टला बराजच्या वरच्या बाजूला, कुसहा गावाजवळ, पूर्वेकडचा तटबंध, म्हणजे काठाने घातलेला बांध, फुटला. तेव्हा नदीत सुमारे १.४४ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी होते. तटबंध बांधलेला होता ९.५ लाख क्युसेकसाठी. क्षमतेच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी पाण्यात तो गेला आणि तीस लाखांहून अधिक लोकांच्या घराशेतांत नदी शिरली. म्हणजे प्रश्न पाण्याचा कमी आणि गाळाचा जास्त आहे.

गंगेला उत्तरेकडून मिळणाऱ्या मोठ्या उपनद्यांत घाघरा आणि गंडकीबरोबर कोसी येते. तिचे तीन मुख्य प्रवाह: पश्चिमेकडून सुनकोसी, पूर्वेला कांचनजंगेकडून तमोर आणि उत्तरेकडून अरुण. अरुण तिबेटातून निघते आणि हिमालयाची मुख्य रांग चिरून दक्षिणेला येते. एव्हरेस्टच्या उत्तर उताराचे पाणी अरुणमधून येते, दक्षिण उताराचे सुनकोसीला मिळणाऱ्या दूधकोसीतून, आणि दोन्ही शेवटी एकाच नदीत पोचतात. हे तीन प्रवाह नेपाळातल्या त्रिवेणीला एकत्र येतात. तिथून थोडे खाली, चतरा इथे, घळ संपते आणि एकदम सपाट मैदान लागते. पुढे बिहार ओलांडून कटिहार जिल्ह्यात कुरसेलाजवळ कोसी गंगेला मिळते.

सगळी गोष्ट घडते ती चतऱ्याच्या खाली. पाणी तळावर किती जोराने घासते, हे मुख्यतः खोली आणि उतार यांवर ठरते. सूत्र असे: तळावरचा ताण = पाण्याची घनता × गुरुत्वत्वरण × खोली × उतार. चार मीटर खोल पाणी घेऊ. उतार किलोमीटरला एक मीटर असेल, तर ताण येतो सुमारे ३९ पास्कल. तोच उतार किलोमीटरला दहा सेंटिमीटर झाला की ३.९ पास्कल. तळावरचा दगड हलवायला लागणारा ताण त्याच्या आकाराच्या प्रमाणात वाढतो. तळावरचा कण कधी हलू लागतो हे सांगणारा शील्ड्सचा निकष लावून हिशेब केला, तर ३९ पास्कलला पाचेक सेंटिमीटरचा गोटा जेमतेम हलतो आणि ३.९ पास्कलला पाचेक मिलिमीटरचा खडा. चतऱ्याजवळ कोसीचा उतार किलोमीटरला मीटरभराच्या आसपास आहे. गंगेजवळ तो काही सेंटिमीटरांवर येतो. म्हणून आधी गोटे टाकले जातात, मग खडे, मग वाळू. ही नदी वर्षाला दहा कोटी टनांच्या घरात गाळ आणते, त्यामुळे हे ‘टाकणे’ किरकोळ नसते.

आपल्याकडे कृष्णा-गोदावरी कातळात खोदलेल्या खोऱ्यांतून वाहतात. नदी म्हणजे परिसरातली सगळ्यात खोल जागा, असे आपण धरूनच चालतो. कोसीच्या मैदानात हे उलटे होते. गाळ पात्रात आणि काठांवर साचत जातो, तळ वर चढतो आणि नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते. आता दोन उतार मोजायचे: नदीच्या वाहण्याच्या दिशेचा आणि काठावरून बाजूच्या जमिनीकडे जाणारा. बाजूचा उतार वाहत्या दिशेच्या उताराच्या कित्येक पट झाला की नदी पात्र सोडायच्या तयारीत असते. मग निमित्त लहानही पुरते. भूशास्त्रात याला अव्हल्शन म्हणतात. कानपूर आयआयटीचे राजीव सिन्हा यांनी २००८ च्या घटनेचे वर्णन असेच केले. त्या वेळी पाणी नव्या वाटेने गेले नाही. पूर्वेकडे सोडून दिलेल्या जुन्या पात्रांतून वाहिले. काही ठिकाणी ही उडी १२० किलोमीटरची होती.

अशा असंख्य उड्यांतून चतऱ्यापासून उघडलेल्या पंख्यासारखा, सुमारे १८० किलोमीटर लांबीचा गाळाचा प्रदेश तयार झाला आहे. यावरचा एक पायाभूत अभ्यास पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातल्या गोळे आणि चितळे यांचा. १९६६ साली त्यांनी कोसीचे हे काम म्हणजे समुद्रापासून दूर, जमिनीवर चाललेली त्रिभुज प्रदेशाची बांधणी, असे मांडले. दोनेकशे वर्षांत नदी शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकली, हे शाळेच्या पुस्तकातले वाक्य मात्र जपून घ्यावे. जुने नकाशे तपासणाऱ्या काही भूशास्त्रज्ञांच्या मते ती एका दिशेने सरकत गेली नाही, मागेपुढेही झाली.

‘कोसीमैया कोपली’ असे दर वेळी म्हटले जाते. लोकगीतांतल्या कोसीबद्दल मला आदर आहे, पण देवीचा कोप म्हटले की तटबंधाची डागडुजी कोणी केली नाही हे विचारायचे राहून जाते. एका उंच धरणाने प्रश्न कायमचा मिटेल, हा दावाही तितकाच भाबडा आहे. एवढा गाळ धरणामागे साचला तर जलाशयाचे आयुष्य किती, हे आधी सांगायला हवे. १९५४ च्या भारत-नेपाळ करारानंतर तटबंध आले, पुढे १९६३ मध्ये बराज झाले. त्यामुळे नदी एका पट्ट्यात कोंडली गेली आणि पूर्वी हजारो चौरस किलोमीटरवर पसरणारा गाळ त्याच पट्ट्यात साचू लागला. तळ चढण्याचा वेग आपणच वाढवला.

२००८ चे भगदाड बुजवून नदी पुन्हा तटबंधांच्या आत आणली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये बराजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी गेले, ५६ वर्षांतले सर्वाधिक, आणि या वेळी पश्चिमेकडचा तटबंध दरभंगा जिल्ह्यात फुटला. दोन तटबंधांच्या मधोमध वसलेल्या शेकडो गावांत मात्र पाणी शिरायला कुठलाही तटबंध फुटावा लागत नाही.