राखीव मेमरी (लिनक्स, रिअल-टाइम कामांसाठी)

एरवी हात न लावता ऑपरेटिंग सिस्टीम जी मोकळी मेमरी शिल्लक ठेवते, ती राखीव मेमरी. थांबणे ज्याला परवडतच नाही अशा कामाला ती तत्क्षणी मिळावी, हा तिचा हेतू. मुंबईकराला ही कल्पना नवी नाही: सात तलावांनी तळ गाठला की भातसा आणि ऊर्ध्व वैतरणाचा राखीव साठा मागावा लागतो.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मोकळ्या मेमरीच्या हाय, लो आणि मिन (वरची, खालची, किमान) अशा तीन पातळ्या असतात. मोकळी मेमरी ‘लो’खाली गेली की केस्वॉपडी हा कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) पार्श्वभूमीवर चालणारा थ्रेड जागा होतो आणि ‘हाय’ गाठेपर्यंत पाने (मेमरीचे ठरावीक तुकडे) रिकामी करतो. ती ‘मिन’पर्यंत घसरली, तर मेमरी मागणाऱ्या प्रोसेसलाच (चालू प्रोग्रॅमलाच) हातातले काम टाकून ही साफसफाई करावी लागते. खरे दुखणे हेच. ‘मिन’खालचा साठा मुख्यतः नेटवर्क कार्डाच्या इंटरप्टसारख्या (तातडीच्या हाकेसारख्या) कामांसाठी आणि खुद्द साफसफाईसाठी असतो, कारण मेमरी मोकळी करायलाही थोडी मेमरी लागतेच. रिअल-टाइम प्राधान्याच्या प्रोसेसला त्यात थोडीशीच मुभा आहे.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी ९:१५ला व्यवहार सुरू होतात आणि भावांच्या पॅकेटांचा लोंढा येतो. लॉग फायलींनी सर्व्हरची पेज कॅशे (फायलींच्या प्रती ठेवणारी मेमरी) भरलेली असते, मोकळी मेमरी ‘लो’च्या काठावर. केस्वॉपडीचा वेग पुरला नाही, तर मायक्रोसेकंदांत निघायची ऑर्डर मिलिसेकंदांवर अडकते. सरासरीत हे दिसत नाही; सर्वांत वाईट वेळच मोजायला हवी.

बहुतेक जण थेट ‘मिन-फ्री-केबाइट्स’ (‘मिन’ पातळी ठरवणारी सेटिंग) वाढवतात. ते अती वाढवले तर मेमरी असूनही प्रोसेस मारल्या जातात. १,०२४ किलोबाइटखाली नेले तर भाराखाली यंत्रणा ठप्प होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा पातळ्यांमधले अंतर ठरवणारी ‘वॉटरमार्क-स्केल-फॅक्टर’ ही सेटिंग हा शहाणा उपाय. मूळ मूल्य १० म्हणजे मेमरीच्या ०.१ टक्का: ६४ जीबीच्या सर्व्हरवर पातळ्यांमधले अंतर जेमतेम ६४ एमबी. ते १०० केले की केस्वॉपडी बरेच आधी कामाला लागतो.

एवढ्याने भागत नाही. प्रीएम्प्ट-आरटी (कर्नलला रिअल-टाइम करणारे बदल) २०२४मध्ये लिनक्स ६.१२सोबत मुख्य कर्नलमध्ये आले, तरी पेज फॉल्टचा, म्हणजे हवे ते पान रॅममध्ये तयार नसण्याचा, उशीर त्याने टळत नाही. त्यासाठी प्रोग्रॅमने सुरुवातीलाच ‘एमलॉकऑल’ने आपली पाने रॅममध्ये खिळवावीत, लागणारा स्टॅक आणि बफर (कामाच्या मेमरी-जागा) यांत एकदा काहीतरी लिहून घ्यावे आणि बाजार उघडल्यावर नवी मेमरी मागूच नये.