लॅकर आणि इनॅमल: जुन्या गाडीच्या मॉडेलवर फॅक्टरीसारखा रंग हवा असेल तर आधी हा फरक समजून घ्या

क्लासिक गाडीचं छोटं मॉडेल रंगवायला घेतलं की शेड कोणती, पेंट कोड कोणता यावर आपण आठवडे घालवतो आणि मग दुकानात मिळेल तो डबा उचलतो, त्यावर लॅकर लिहिलंय की इनॅमल हे बघतही नाही. पण माझं तर ठाम मत आहे की शेड उन्नीस-बीस झाली तर चालून जाते, चकाकीची जात चुकली की गाडी खेळण्यासारखी दिसते. आणि ही जात रंग वाळतो कसा यावर ठरते.

लॅकर वाळतो म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, बस. मागे जो थर राहतो तो परत थिनर लावलं की परत विरघळतो, कितीही वर्षांनी. इनॅमलचं तसं नाही, थिनर उडाल्यावर त्याचं खरं काम सुरू होतं, हवेतल्या ऑक्सिजनने किंवा भट्टीतल्या उष्णतेने आतले रेणू एकमेकांना जोडले जातात आणि थर कायमचा कडक होतो, मग तो विरघळत नाही, फार तर फुगून सुरकुततो.

खऱ्या गाड्यांच्या कारखान्यात याच एका फरकाने दोन वेगळ्या वाटा झाल्या. आधी व्हार्निशसारखे रंग वाळायला आठवडे लागायचे, मग ड्यू पाँट कंपनीचा ड्यूको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आला आणि जनरल मोटर्सच्या १९२४ च्या ओकलंड गाडीवर निळ्या रंगात दिसला, तेव्हा आठवड्यांचं काम तासांवर आलं. जनरल मोटर्स पुढे कित्येक दशकं लॅकरलाच धरून राहिली, १९५० च्या दशकाच्या शेवटी तिने नायट्रोसेल्युलोज सोडून अॅक्रिलिक लॅकर घेतला. फोर्ड आणि क्रायसलर मात्र भट्टीत भाजलेल्या इनॅमलकडे गेल्या. म्हणजे १९५७ ची जनरल मोटर्सची शेव्हरोले बेल एअर लॅकरची आणि १९५७ ची फोर्ड थंडरबर्ड इनॅमलची, वर्ष तेच आणि चमक वेगळी. शेव्हरोलेचीच कॉर्व्हेट तर १९८१ पर्यंत लॅकरमध्ये होती, कारखाना सेंट लुईसहून बोलिंग ग्रीनला हलला तेव्हा तिथे इनॅमल आला.

डोळ्याला काय दिसतं ते सांगतो. लॅकर स्प्रे गनमधून येतो तेव्हा जरा मंदच असतो, चमक घासून आणि पॉलिश करून काढावी लागते, त्यामुळे पृष्ठभाग सपाट आणि चमक खोल पण मऊ वाटते. (जनरल मोटर्सने पुढे अॅक्रिलिक लॅकर भाजून, घासून, परत भाजायची पद्धत काढली, उष्णतेने तो परत वितळून सपाट व्हायचा. इनॅमलला हे जमणारच नाही.) इनॅमल गनमधूनच ओला-चकचकीत येतो, त्याला पॉलिशची गरज नसते, पण त्यात हलकं ऑरेंज पील राहतं, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. आणि दोन्हीत वरून वेगळा क्लिअर कोट, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर, नसायचा! रंगावर क्लिअर ही पद्धत सर्रास झाली ती १९८० च्या दशकात, म्हणून १९५० च्या गाडीच्या मॉडेलवर काचेसारखा जाड क्लिअर दिसला की मला ती गाडी नुकतीच नव्याने रंगवल्यासारखी वाटते.

आता गोंधळ इथे होतो की गाडी इनॅमलची होती म्हणून मॉडेललाही इनॅमलच लावायचा असं लोक धरून चालतात. गरज नाही. मॉडेलवर आपल्याला तो रंग कसा दिसायचा ते हवंय, त्याची रसायनं नकोत. कारखान्यातला थर साधारण १०० मायक्रॉनचा धरला तर १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या २४ पट लहान मॉडेलवर, तो ४ मायक्रॉन व्हायला हवा, इतका पातळ थर आपल्या हातून होत नाही, पण लॅकर त्याच्या जास्त जवळ जातो आणि दारांच्या रेषा बुजत नाहीत. म्हणून बॉडीला मी दोन्ही गाड्यांसाठी लॅकरच वापरतो, तामियाचे टीएस स्प्रे किंवा मिस्टर कलर, दोन्ही मॉडेलसाठीचे लॅकर रंग. बेल एअर असेल तर पातळ थर देऊन, बारीक वॉटर पेपरने घासून पॉलिश करायचं. थंडरबर्ड असेल तर शेवटचा थर जरा ओला मारायचा आणि नंतर हात लावायचा नाही. ऑरेंज पील मुद्दाम आणायचं नाही, २४ पट लहान केलं तर ते दिसणारच नाही.

मेटॅलिकला एक तडजोड मी करतो, त्यातले अॅल्युमिनियमचे कण घासले की डाग पडतात, म्हणून तिथे पातळ क्लिअर मारतो आणि तोच पॉलिश करतो. कणही सगळ्यात बारीक असलेला रंग घ्या, ३० मायक्रॉनचा कण १:२४ मध्ये खऱ्या गाडीवरच्या पाऊण मिलिमीटरच्या टिकलीएवढा होतो.

मग इनॅमल कुठे? ब्रशने करायच्या बारीक कामाला, कारण तो सावकाश वाळतो आणि ब्रशच्या रेघा आपोआप बसतात. दारांच्या रेषांत गडद वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडायलाही, कारण इनॅमलचं थिनर खालच्या लॅकरला काही करत नाही. उलटं मात्र कधीच नको. मी एकदा दोन दिवस वाळलेल्या इनॅमलवर लॅकर मारला आणि दहा मिनिटांत अख्खं छत मनुकेसारखं सुरकुतलं, महिन्याभराचं काम गेलं, फार वाईट वाटलं होतं. बॉडीला नाक लावून बघा, वास येत असेल तर इनॅमल अजून आतून कच्चा आहे. आणि लॅकर थेट प्लास्टिकवरही नको, मॉडेलचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, त्याला तो खातो, आधी प्रायमर.

डब्यावर अॅक्रिलिक लिहिलंय म्हणून फसू नका, ते नुसतं रेझिनचं, म्हणजे रंगाचा थर धरणाऱ्या घटकाचं, नाव आहे, अॅक्रिलिक पाण्याचाही असतो आणि लॅकरही. जुना, लेबल गेलेला डबा असेल तर प्लास्टिकच्या चमच्यावर प्रायमर मारून त्यावर रंग द्या, आठवडाभर ठेवा, मग कापसाच्या काडीला लॅकर थिनर लावून हलकेच फिरवा. रंग सरळ काडीवर आला तर लॅकर किंवा पाण्याचा अॅक्रिलिक, फुगला किंवा सुरकुतला तर इनॅमल.

दोन रंगी बेल एअर करणाऱ्यांनो, आधी फिका रंग मारा, एक रात्र जाऊ द्या, मग टेप लावून दुसरा रंग आधी अगदी कोरडा-कोरडा उडवा, कारण लॅकर खालच्या लॅकरला परत सैल करतो आणि पहिलाच थर ओला पडला तर टेपच्या कडेने रंग आत शिरतो.