लोहाने भरलेल्या कुंडीत लोहाची उपासमार

कुंडीतल्या कागदी लिंबाची पाने पिवळी पडू लागली की मातीत गंजके खिळे पुरण्याचा सल्ला हमखास मिळतो, आणि हल्ली तो मोबाइलवरच्या चित्रफितींतून मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. त्यामागचे निदान पुष्कळदा बरोबर असते. कोवळी पालवी पिवळी आणि तिच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर झाडाला लोह कमी पडत असण्याची शक्यता मोठी असते. पानात एकदा स्थिरावलेले लोह झाडाला सहजी दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून तुटवडा आधी नव्या पानांत दिसतो. (नत्र कमी पडले तर याउलट जुनी पाने प्रथम पिवळी होतात.) चूक आहे ती उपायात. गंज म्हणजे फेरिक लोहाची (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची) ऑक्साइडे, आणि दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मातीत ती मुळातच मुबलक असतात.

मग झाड उपाशी का राहते? मातीचा सामू (pH; तो जितका जास्त तितकी माती कमी आम्ल) एकाने वाढला की पाण्यात विरघळलेल्या फेरिक आयनांचे प्रमाण सुमारे हजारपटीने घटते. त्यावर लिंबाच्या मुळांची स्वतःची युक्ती आहे, आणि ती विलक्षण आहे. मुळे हायड्रोजन आयन बाहेर सोडून भोवतालची माती आम्ल करतात. त्यामुळे विरघळलेल्या फेरिक लोहाला मुळाच्या पृष्ठभागावरील फेरिक रिडक्टेज हे विकर एकेक इलेक्ट्रॉन देते, आणि अशा रीतीने तयार झालेले फेरस (दोनच इलेक्ट्रॉन गमावलेले) लोह एक वाहक प्रथिन पेशीत ओढून घेते. आत आल्यावर ते पुन्हा फेरिक होते आणि सायट्रेटशी, म्हणजे लिंबाच्या रसातल्याच आम्लाच्या आयनाशी, बांधले जाऊन जलवाहिन्यांतून पानांपर्यंत पोहोचते. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते, लोह नव्हे. परंतु तो रेणू घडवण्यासाठी लोह लागतेच.

बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट मुळांनी सोडलेले हे हायड्रोजन आयन तत्काळ निष्प्रभ करते, आणि पहिल्याच पायरीवर सारी साखळी अडते. कुंडीच्या कडेला साचणारा पांढरा थर ही त्याची खूण असते. माती सतत ओली राहिली तर मुळांचा कार्बन डायऑक्साइड आतच कोंडून चुनखडीयुक्त मातीत आणखी बायकार्बोनेट तयार होते; म्हणून पिवळ्या झाडाला काळजीपोटी जास्त पाणी घालणे त्याला अधिकच घातक ठरते.

दृष्ट लागली म्हणून कुंडीला काळी बाहुली बांधली जाते, ती निरुपयोगी असते एवढेच. पण पाळीतील स्त्रीच्या स्पर्शाने झाड सुकते असे सांगून तिला बागेपासून दूर ठेवणे हे निराधार तर आहेच, शिवाय अन्यायकारकही आहे.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये आणि वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरावे. चिलेटेड लोह, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून विरघळलेले ठेवलेले लोह, विकत घेताना धरणारा रेणू कोणता ते वेष्टनावर वाचावे: ईडीटीएचे बंध सामू साधारण 6.5 च्या पुढे गेला की टिकत नाहीत, ईडीडीएचएचे मात्र 9 च्या आसपासही टिकतात, त्यामुळे जड पाण्याच्या घरी महाग असले तरी ईडीडीएचएचेच घ्यावे. उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या पालवीवरून ठरवावे, आणि आधी पिवळी पडलेली पाने थोडीफार हिरवी असेतोवर तोडू नयेत, कारण तेवढ्या हिरव्या भागावरही झाड अन्न तयार करत असते.