पोर्तुगीज कामिनो

पोर्तुगीज कामिनो (कामिनो म्हणजे वाट) : पोर्तुगालमधून उत्तरेकडे चालत जाऊन स्पेनच्या गालिसिया प्रांतातील सान्तियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्री पोहोचविणारा पदयात्रेचा मार्ग. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी एक असलेल्या संत याकोबाची (स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत सान्तियागो) कबर तेथील कॅथीड्रलमध्ये आहे, अशी श्रद्धा आहे. लिस्बनच्या कॅथीड्रलपासून मोजल्यास हा मार्ग सुमारे ६२० किमी. लांबीचा असून तो पायी पुरा करण्यास चार आठवडे लागतात. बहुतेक यात्रेकरू मात्र पोर्तोहून निघतात. तेथून आतल्या म्हणजे मध्यवर्ती मार्गाने अंतर सुमारे २४० किमी. असून किनाऱ्याच्या मार्गाने ते काहीसे अधिक भरते.

कबरीचा शोध नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, उत्तर स्पेनमधील आस्तुरियासचा राजा दुसरा आल्फोन्सो याच्या कारकिर्दीत लागल्याचे सांगितले जाते. त्या वेळी आजच्या पोर्तुगालचा मोठा भाग मुस्लिम सत्तेखाली होता. ख्रिस्ती राज्यांची सीमा दक्षिणेकडे सरकत गेली, तशी या मार्गाची सुरुवातही दक्षिणेकडे सरकली : कोइंब्रा १०६४ मध्ये व लिस्बन ११४७ मध्ये ख्रिस्ती राजांच्या हाती आले. दरम्यान उत्तर पोर्तुगालमधील ब्रागा आणि सान्तियागो या दोन धर्मपीठांत वर्चस्वासाठी झगडा चालू होता आणि या वाटेचा उपयोग नेहमी भक्तिभावानेच झाला असे नाही. ११०२ मध्ये सान्तियागोचा बिशप दिएगो हेल्मीरेस ब्रागाच्या भेटीस गेला आणि परतताना तेथील संतांचे पवित्र अवशेष गुपचूप उचलून आजच्या पोर्तुगाल-स्पेन सीमेवरील मिन्यो नदीपार घेऊन गेला. त्यांपैकी संत फ्रुतुओझु याचे काही अवशेष ब्रागाला परत मिळण्यास १९६६ साल उजाडले.

राजघराण्यातील यात्रेकरूंमध्ये सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव राणी इझाबेल हिचे आहे. तिचा पती, पोर्तुगालचा राजा दिनिश १३२५ मध्ये मरण पावल्यावर ती सान्तियागोच्या यात्रेस गेली. पुढे १६२५ मध्ये तिला संतपद देण्यात आले. कोइंब्रा येथील तिच्या मूळ दगडी समाधीवर तिची जी मूर्ती कोरली आहे, ती मठवासिनीच्या वेशात, यात्रेकरूची काठी आणि शिंपल्याचे चिन्ह असलेली झोळी घेतलेली अशी आहे. राणीने आपली ओळख म्हणून यात्रेच्या खुणा शेवटपर्यंत जपल्या, हे त्यावरून दिसते. मोंदेगु नदीच्या पुराने जुना मठ वारंवार पाण्याखाली जाऊ लागल्याने ही समाधी सतराव्या शतकात टेकडीवरील नव्या मठात हलवावी लागली. १५०२ मध्ये राजा मानुएल पहिला यानेही ही यात्रा केली. वास्को द गामाला भारताकडे धाडणारा आणि ज्याच्या कारकिर्दीत १५१० साली गोवा पोर्तुगीजांनी जिंकला तो हाच राजा. १५९४ मध्ये जोव्हान्नी बात्तिस्ता कोंफालोनिएरी या इटालियन धर्मगुरूने लिस्बनहून सान्तियागोपर्यंत केलेल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले असून जुना मार्ग नेमका कोणत्या गावांतून जात असे, हे ठरविताना त्याचा आधार घेतला जातो.

यात्रेसाठी मुद्दाम आखलेला असा हा रस्ता कधीच नव्हता, ही गोष्ट त्याच्या आजच्या रूपाचा उलगडा करते. रोमनांचे लष्करी रस्ते, मध्ययुगीन राजमार्ग, बाजारवाटा आणि शेतांच्या बांधांमधल्या गाडीवाटा यांचा तो साखळीसारखा जोड आहे. यांपैकी ज्या वाटा पुढे डांबरी महामार्ग झाल्या, तेथे यात्रेकरूला ट्रकच्या शेजारून चालावे लागते. ज्या विस्मृतीत गेल्या, तेथे पायाखाली अजून रोमन फरसबंदी लागते. पोर्तोच्या दक्षिणेस पहिला प्रकार जास्त आढळतो, उत्तरेस दुसरा, आणि म्हणूनच लिस्बन-पोर्तो व पोर्तो-सान्तियागो हे एकाच यात्रेचे दोन टप्पे न वाटता दोन वेगळ्या यात्रा वाटतात.

लिस्बनहून निघाल्यावर पहिले काही दिवस वाट तेजु नदीच्या काठाने व्हिला फ्रांका द शीरा, आझांबुजा अशा गावांमधून जाते. हा पूरमैदानाचा सपाट प्रदेश असून टोमॅटो, भात आणि मका यांची विस्तीर्ण शेते व पैदाशीच्या बैलांची कुरणे येथे आहेत. चढ जवळजवळ नाही, पण सावलीही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नेहमीचे असल्याने हा भाग उन्हाळ्यात चालणे शहाणपणाचे ठरत नाही. सांतारें, घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गोलेगां आणि टेंपलर या मध्ययुगीन ख्रिस्ती लष्करी पंथाच्या सरदारांचे तोमार या क्रमाने वाट डोंगराळ मुलखात शिरते. तोमारचा ख्रिस्ताचा मठ १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पुढे आल्व्हायाझरे, आन्सियांव आणि राबासाल या चुनखडीच्या प्रदेशातील गावांनंतर कोनींब्रिगा हे रोमन नगराचे अवशेष लागतात आणि मग कोइंब्रा. कोइंब्रा ते पोर्तो या पट्ट्यात मियाल्यादा, आगेदा, आल्बेर्गारिया-आ-व्हेल्या अशी गावे लागतात. कारखाने आणि महामार्ग येथे वाटेचा मोठा भाग व्यापतात. या दक्षिण भागात मुक्कामाच्या जागा विरळ असून दिवसाची चाल कधी कधी ३० किमी.च्या वर जाते. धर्मशाळा नसलेल्या गावांत स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या केंद्रात यात्रेकरूंना जमिनीवर झोपण्यापुरती जागा देण्याची जुनी पद्धत आहे.

याच भागात यात्रेकरूला रंगाच्या दोन खुणा दिसतात : पिवळा बाण उत्तरेकडे सान्तियागोकडे नेतो, तर निळा बाण फातिमा या क्षेत्राकडे नेतो. पिवळ्या बाणांची प्रथा स्पेनमधील ओ सेब्रेइरो या गावचे धर्मगुरू एलियास व्हालिन्या यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच मार्गावर (फ्रान्सच्या सीमेकडून उत्तर स्पेनमधून सान्तियागोला जाणारी वाट) सुरू केली आणि ती पोर्तुगालमध्ये नंतर आली. लिस्बनपासून सांतारेंपर्यंत दोन्ही बाण एकाच खांबावर, एकाच दिशेला असतात. तेथे वाटा फुटतात आणि त्यापुढे उत्तरेकडील गावांत निळे बाण उलट, दक्षिणेकडे वळलेले आढळतात. पोर्तुगीज समाजाची स्वतःची मोठी पदयात्रा खरे पाहता फातिमाचीच आहे. १३ मे १९१७ रोजी तेथे तीन गुराखी मुलांना मेरीमातेचे दर्शन झाले, अशी श्रद्धा असून दरवर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यात देशाच्या सर्व भागांतून लोक गटागटाने, अंगात चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घालून, मुख्य रस्त्याच्या कडेने चालत १३ तारखेपर्यंत तेथे पोहोचतात. त्यांच्यासोबत सामानाची गाडी असते आणि वाटेत पायांवरील फोडांना मलमपट्टी करणारी मदतकेंद्रे लागतात. त्यांतील अनेकजण नवस फेडण्यासाठी निघालेले असतात. सान्तियागोच्या वाटेवर याउलट परदेशी लोकांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांची कारणेही धार्मिक, हौशी, कौटुंबिक अशी नाना प्रकारची असतात. पोर्तुगालमधील दीर्घ पदयात्रेचे वर्णन करताना केवळ सान्तियागोचाच विचार करणे, ही बाहेरून आलेल्यांची नजर म्हणावी लागेल.

पोर्तोच्या उत्तरेस, उपनगरांचा कंटाळवाणा पट्टा संपला की मध्यवर्ती मार्ग मिन्यो प्रांतात शिरतो. ग्रॅनाइटच्या खांबांवर चढविलेले द्राक्षांचे मांडव, दगडी पायांवर उभी असलेली मक्याची कोठारे आणि निलगिरीची लागवड हे येथील कायमचे दृश्य आहे. साओ पेद्रो द रातेश या गावात रोमनेस्क शैलीचे जुने चर्च असून पोर्तुगालमधील आधुनिक काळातील पहिली यात्रेकरू-धर्मशाळा येथेच २००४ मध्ये सुरू झाली. पुढचे गाव बार्सेलुश. येथे एका निरपराध यात्रेकरूला फाशीची शिक्षा झाली असता त्याने न्यायाधीशाच्या ताटातील भाजलेल्या कोंबड्याकडे बोट दाखवून, मी निर्दोष असेन तर हा आरवेल, असे म्हटले आणि तो आरवला, अशी दंतकथा आहे. अशीच कथा फ्रेंच मार्गावरील सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा या गावीही सांगतात, त्यामुळे ती यात्रेकरूंबरोबरच गावोगाव फिरली असावी. बार्सेलुशने मात्र तिचा पुरेपूर लाभ उठविला असून रंगीत मातीचा कोंबडा आज साऱ्या पोर्तुगालचे प्रतीक म्हणून विकला जातो. त्या कथेशी निगडित दगडी क्रूस गावातील पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

लीमा नदीवरील पोंत द लीमा या गावाचे नावच तेथील पुलावरून पडले आहे. पुलाच्या काही कमानी रोमन आहेत आणि उरलेला लांब भाग चौदाव्या शतकातला. ही नदी म्हणजे पाताळातील विस्मृतीची नदी, ती ओलांडणारा सर्व काही विसरतो, अशा समजुतीने रोमन सैनिक इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात येथे अडून बसले; तेव्हा त्यांचा सेनापती देसिमुस युनियुस ब्रुतुस एकटाच पलीकडे गेला आणि तेथून त्याने एकेका सैनिकाला नावाने हाक मारली, अशी आख्यायिका आहे. आज एका काठावर सैनिकांच्या पुतळ्यांची रांग आणि समोरच्या काठावर घोड्यावरचा सेनापती असे दृश्य उभे केलेले आहे. पूल ओलांडल्यावर लाब्रुजाचा डोंगर सुरू होतो. माथ्याची उंची जेमतेम ४०० मीटर आहे. आकडा किरकोळ वाटला तरी शेवटची चढण सुट्या दगडांची आणि पावसात ओढ्यासारखी वाहणारी असल्याने पोर्तोनंतरचा हाच सर्वांत दमविणारा दिवस मानला जातो. वाटेत एका क्रूसाशी यात्रेकरूंनी ठेवलेल्या दगडांचा ढीग दिसतो. १८०९ मध्ये माघार घेणाऱ्या नेपोलियनच्या सैन्यातील मागे पडलेल्यांना स्थानिकांनी तेथे गाठले होते. उतारावरच्या रुबियाइश गावात चर्चजवळ एक रोमन मैलाचा दगड आहे. मध्ययुगात कोणीतरी तो पोखरून त्याची शवपेटी केली, तरीही त्यावरील अक्षरांच्या खुणा उरल्या आहेत. ब्रागाहून आस्तोर्गाला जाणाऱ्या रोमन रस्त्याचा हा भाग असून जुन्या मार्गाचा माग काढण्यास अशा दगडांची मोठीच मदत झाली आहे.

किनाऱ्याचा मार्ग व्हिला दु कोंद, एश्पुझेंद, व्हियाना दु काश्तेलु या गावांनी कामिन्यापर्यंत जातो आणि तेथून होडीने मिन्यो नदी ओलांडून स्पेनमध्ये बायोना व व्हीगोकडे वळतो. वाळूच्या टेकड्यांवरून केलेल्या लाकडी पायवाटा पायांना सुखाच्या आहेत. उन्हाळ्यात दुपारनंतर सुटणारा उत्तरेचा वारा मात्र सतत तोंडावर येतो.

मध्यवर्ती मार्ग सीमेवरील व्हालेन्साच्या तटबंदीतून उतरून १८८६ मध्ये खुल्या झालेल्या लोखंडी पुलावरून स्पेनमधील तुईला पोहोचतो. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने पुलावर तपासणी होत नाही आणि भारतीय पारपत्रधारकाला एकाच शेंगेन व्हिसावर संपूर्ण यात्रा करता येते; घड्याळ मात्र एक तास पुढे करावे लागते. गालिसियात मैलाच्या दगडांवर उरलेले अंतर किलोमीटरच्या तीन दशांश स्थळांपर्यंत कोरलेले असते, ही काटेकोरपणाची हौस थकलेल्या माणसाला फारशी उपकारक ठरत नाही. ओ पोरिन्योची औद्योगिक वसाहत, दोन्ही मार्ग एकत्र आणणारे रेदोंदेला, शिंपल्याच्या आकाराचा आराखडा असलेल्या चर्चचे पोंतेवेद्रा आणि गरम पाण्याच्या झऱ्यांचे काल्दास दे रेइस या क्रमाने वाट पाद्रोनला येते. संत याकोबाचे शव घेऊन आलेली नौका येथे ज्या दगडाला बांधली, तो दगड गावातील चर्चच्या मुख्य वेदीखाली दाखवितात. पोंतेवेद्राहून फुटणारी एक पर्यायी वाट आर्मेंतेइरा मठावरून व्हिलानोव्हा दे आरोसाला जाते आणि तेथून यात्रेकरू त्या नौकेचा मार्ग म्हणून उल्या नदीतून बोटीने पाद्रोनकडे येतात. पाद्रोनपासून सान्तियागो सुमारे २५ किमी. आहे.

यात्रेकरूजवळ एक घडीची पुस्तिका असते. चर्च, धर्मशाळा, कॅफे अशा ठिकाणी तिच्यावर शिक्के घेतात आणि ती दाखविल्यावरच सार्वजनिक धर्मशाळेत जागा मिळते. अशा धर्मशाळांत सहसा आगाऊ नोंदणी नसते. आधी येईल त्याला दुमजली खाटेवर एका रात्रीपुरती जागा मिळते. किमान १०० किमी. पायी किंवा २०० किमी. सायकलीने आल्याचे शिक्क्यांवरून सिद्ध झाले, की सान्तियागोच्या यात्रेकरू कार्यालयात लॅटिन भाषेतील प्रमाणपत्र मिळते. तुई या मर्यादेच्या जेमतेम बाहेर असल्याने तेथून निघणाऱ्यांची संख्या फार मोठी असते, आणि हे लोक पोर्तुगीज मार्गाचे यात्रेकरू म्हणून मोजले जात असले तरी त्यांनी पोर्तुगालच्या भूमीवर एकही मुक्काम केलेला नसतो. २०२४ मध्ये जवळपास पाच लाख प्रमाणपत्रे दिली गेली. त्यांत पोर्तुगीज मार्गांचा, म्हणजे मध्यवर्ती व किनारी यांचा मिळून, वाटा दीड लाखाहून अधिक होता. फ्रेंच मार्गाखालोखाल हेच दोन आहेत. १९८७ मध्ये युरोप परिषदेने सान्तियागोच्या मार्गांना सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. पोर्तुगाल सरकारने मार्गांच्या अधिकृत मान्यतेसाठी आणि देखभालीसाठी स्वतंत्र कायदा केला तो २०१९ मध्ये.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चालण्यास सोयीचे काळ आहेत. हिवाळ्यात मिन्यो व गालिसियात पाऊस दिवसचे दिवस टिकतो. पोर्तुगालमधील गावरस्ते ग्रॅनाइटच्या चौकोनी चिऱ्यांचे असतात आणि त्यांवर दिवसभर चालल्याने तळव्यांना मार बसतो. जाड तळाचे, आधीपासून वापरात असलेले बूट येथे घाटवाटांपेक्षाही अधिक लागतात. २५ जुलै हा संताचा दिवस रविवारी येतो ते पवित्र वर्ष मानतात. त्या वर्षी कॅथीड्रलचा एरवी बंद असणारा पवित्र दरवाजा उघडला जातो आणि सर्वच मार्गांवर गर्दी वाढते. असे पुढील वर्ष २०२७ आहे.