रिकाम्या खोक्याची गोष्ट

बडोद्यात अलकापुरीकडं पुस्तकं आणि भेटवस्तूंचं एक दुकान आहे. अगरबत्त्या आणि स्फटिकांच्या मधल्या फळीवर टॅरोची, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांची, सहा-सात खोकी उभी असतात. एक उचललं तर हाताला वजनच लागत नाही. उलटं केलं की चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी दिसते: 'खाली बॉक्स छे, पत्तां काउंटर पर मळशे.' म्हणजे खोकं रिकामं आहे, पत्ते गल्ल्यावर मिळतील. त्याच फळीच्या टोकाला याहून महाग पेनं उघड्यावर पडलेली असतात, त्यांना कसली चिठ्ठी नाही.

पत्तेच चोरीला जातील याची एवढी धास्ती का, याची मुळं बरीच लांबवर जातात.

पहिलं कारण म्हणजे एक समजूत. टॅरोचा पहिला संच स्वतःच्या पैशानं घ्यायचा नाही, तो कुणीतरी दिलेला असावा, असं पत्ते वाचणाऱ्यांत सांगतात. त्याच समजुतीचा एक उनाड भाऊ आहे: संच चोरलेला असला तर तो जास्त 'बोलतो'. आपल्याकडं याचं फार आश्चर्य वाटायला नको. मनीप्लांट विकत आणला तर लक्ष्मी येत नाही, शेजारच्या कुंडीतून गुपचूप खुडून आणावा लागतो, हे दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात सगळ्या बायका मानायच्या. आजीनं तर ज्या घरातून फांदी खुडली त्याच घरी संध्याकाळी हळदीकुंकवाला जाऊन आल्याचं मला आठवतंय. फरक इतकाच, की कुंडीतली फांदी परत फुटते.

गंमत अशी, की टॅरोच्या पहिल्या साडेतीनशे वर्षांत अशी समजूत असण्याचं कारणच नव्हतं, कारण तो सरळ पत्त्यांचा डाव होता. अरबांकडून युरोपात गेलेल्या पत्त्यांचे चार रंग होते: पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. आपला गंजिफाही त्याच मोठ्या खानदानातला. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि सावंतवाडीत दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते अजून रंगवले जातात. १४४०च्या सुमारास उत्तर इटलीत या चार रंगांना चित्रांच्या हुकमी पानांची जोड मिळाली. ५६ साधी आणि २२ हुकमी मिळून ७८ हा आकडा स्थिरावला. मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी सोनेरी वर्ख लावून रंगवलेल्या एका संचातली ७४ पानं आज न्यूयॉर्क आणि बर्गामो इथं विखुरलेली आहेत. हरवलेल्या चारांत सैतान आहे आणि कोसळता मनोराही आहे. ती चोरीला गेली असं म्हणण्याला काही आधार नाही, पण एखादं पान गेलं की संच लंगडा होतो ही या मालाची जुनी अडचण आहे. दुकानदाराला ती आजही भोगावी लागते.

पत्त्यांना पोथीचं वजन आलं ते १७८१ साली. कूर द जेबलँ या फ्रेंच पंडितानं हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं लपवलेलं ज्ञान असल्याचं छापून टाकलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली शांपोल्यँनं, पण तोवर कल्पना पक्की रुजली होती. पाठोपाठ पॅरिसमध्येच एत्तेया या टोपणनावाच्या माणसानं भविष्य सांगण्यासाठी म्हणून वेगळे पत्ते काढले आणि त्यावर धंदा उभारला. जुगाराच्या पत्त्यांना कुणी 'शक्ती' चिकटवत नाही, 'ज्ञान' म्हटल्याबरोबर ती चिकटते. आणि ज्ञान विकत घ्यायचं नसतं, हे तर आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या गुरूच्या गोष्टीत ऐकलेलं असतं.

आज बाजारात दिसणारी बहुतेक चित्रं ज्या संचावरून निघाली, तो १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढला. मजकूर ए. ई. वेट यांचा आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधी बहुतेक संचांत तलवारींच्या सत्त्यावर नुसत्या सात तलवारी असत. स्मिथबाईंनी तिथं माणूस काढला: तंबूंच्या छावणीतून पाच तलवारी कवटाळून चवड्यांवर निसटतोय, मान मागं वळलेली, दोन तलवारी मातीत तशाच रोवलेल्या. चोराचं पान म्हणतात ते हेच. मोठं काम केलं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले, असं त्यांनी त्याच वर्षी एका पत्रात लिहिलं. पुढं कितीतरी वर्षं हा संच प्रकाशकाच्या आणि वेटच्या नावानं ओळखला गेला. स्मिथबाई १९५१ साली कर्जात वारल्या. टॅरोच्या व्यवहारात कुणाचं काय लुबाडलं गेलं याचा हिशेब मांडायचा तर सुरुवात यांच्यापासून करावी, असं मला वाटतं. तीन-चारशे रुपयांना मिळणाऱ्या नकली छपाईचा नंबर त्यानंतर.

अमेरिकेत १९७०च्या दशकात हे संच खोक्यांतून दुकानोदुकानी पोचले, आणि इथं दुसरं कारण सुरू होतं. ते पत्त्यांचं नाही, फळीचं आहे.

जुन्या दुकानात माल दुकानदाराच्या पाठीमागं असायचा. गिऱ्हाईक गादीच्या कडेला टेकणार, नोकर वरून पुडकी काढणार. बडोद्यात न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीभोवतीच्या साड्यांच्या दुकानांत अजून हीच रीत आहे. तिथंही उचलेगिरी होतेच: घोळक्यानं यायचं, वीस साड्या उलगडायला लावायच्या आणि एकवीसावी मांडीखाली सरकवायची. इंग्लंडात तर १६९९च्या कायद्यानं दुकानातून पाच शिलिंगांचा माल गुपचूप उचलणाऱ्याला फाशी ठेवली होती, म्हणजे चोर क्लृप्त्यांत तेव्हाही कमी नसणार. पण गिऱ्हाइकाच्या हाताला आणि मालाला मोकळं सोडणं ही नंतरची गोष्ट. पॅरिसच्या बाँ मार्शे या मोठ्या दुकानात १८५२ नंतर ठरलेल्या किमती आणि मोकळा प्रवेश आला. पाठोपाठ सुखवस्तू घरच्या बायका रिबिनी लांबवताना सापडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्यासाठी आजाराचं नाव पुढं केलं. गरीब बाईनं तेच केलं तर ती चोरटीच राहिली. १९१६ साली मेम्फिसमध्ये पिग्ली विग्ली नावाच्या किराणा दुकानानं गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि माल स्वतः घ्यायला लावला. नोकरांचा पगार वाचला, आणि वाचलेल्यातला काही भाग उचल्यांच्या खिशात जाणार हे गृहीत धरलं गेलं. मॉलचा सगळा हिशेब अजून त्यावरच चालतो.

हाच प्रश्न बडोद्यात पुस्तकांच्या बाबतीत आधीच येऊन गेला होता, हे इथल्यांनाही फारसं आठवत नाही. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. पुस्तकं कुलपात ठेवून मागेल त्याला देण्याऐवजी वाचकानं फडताळापाशी जाऊन स्वतः निवडावीत, ही पद्धत त्यानं मध्यवर्ती ग्रंथालयात आणली. पुस्तकं जातील ही भीती काय तेव्हा कुणाला वाटली नसेल? तरी फडताळं उघडीच राहिली. मांडवीजवळच्या इमारतीत १९३१ पासून काचेच्या फरशा आहेत. खालच्या मजल्यावर उजेड जावा म्हणून त्या बसवल्या, पण लहानपणी त्यावर उभं राहिलं की वरून कुणी बघतंय असं वाटायचं.

दुकानाला राजाची तिजोरी नसते. टॅरोचा परदेशी संच हजार-दोन हजारांचा, आकारानं साबणाच्या दोन वड्यांएवढा, आणि वर पातळ प्लास्टिकचं वेष्टन. उचलणारा बऱ्याचदा खोकं नेतच नाही. नखानं वेष्टन फाडून पत्ते ओढणीत किंवा जॅकेटात सरकवतो आणि खोकं जागच्या जागी उभं ठेवतो. मोठ्या दुकानांत दारावर वाजणाऱ्या पट्ट्या असतात. हे तंत्र अमेरिकेत १९६०च्या दशकात आलं. पण पट्टी चिकटते खोक्याला आणि पत्ते तर खोक्याबाहेर गेलेले. कॅमेरा नंतर दाखवतो. पिशवी बाहेर ठेवून बिल्ला द्यायची पद्धत पत्त्यांपुढं थिटी पडते, कारण ते खिशात मावतात. काचेच्या कपाटाला कुलूप लावलं तर विक्री घटते. टॅरो घेणारा माणूस खोकं हातात घेऊन, चित्रं न्याहाळून, 'हाच मला बोलावतोय' असं ठरवतो. कुणाला किल्ली मागायची वेळ आली की तो लाजतो आणि निघून जातो. म्हणून फळीवर रिकामं खोकं आणि पत्ते गल्ल्याच्या खणात, ही तडजोड.

पकडलं तर काय, हा प्रश्न कायद्यानं अलीकडं बदलला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार पाच हजारांखालची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेच्या शिक्षेवर भागते. टॅरोचा एक संच या रकमेत आरामात बसतो. मालमत्ता ठेवायच्या इमारतीतल्या चोरीसाठी कलम ३०५ आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंतची कैद, पण पत्त्यांपायी पोलीस चौकीत अर्धा दिवस घालवायला दुकानदार तयार नसतो. शिवाय संशयावरून गिऱ्हाइकाला अडवलं, पर्स उघडायला लावली आणि आत काहीच निघालं नाही, तर भोगावं लागतं दुकानालाच. आपल्याकडं चतुर्थीचा चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो म्हणतात. दुकानात त्याला चंद्रही लागत नाही, कॉलेजातल्या मुलीचं मोठं दप्तर पुरतं.

अलकापुरीच्या दुकानात याहून साधा इलाज चालतो. मुलं घोळक्यानं फळीपाशी आली की नोकर जवळ जाऊन विचारतो, 'कया पत्ता जोईए छे? बताडुं?' (कुठले पत्ते हवेत? दाखवू?) विकत घेणाऱ्याला मदत वाटते आणि दुसऱ्याला समजायचं ते समजतं. तरीही वर्षाकाठी एक-दोन संच अर्धे होतातच. उरलेली पानं शेठनी गल्ल्याखालच्या डब्यात साठवली आहेत, आणि पुस्तक घेतलं की त्यातलं एखादं खूण म्हणून आत सरकवतात. दिवाळीत मी घेतलेल्या कोशात नाण्यांचा अट्ठा निघाला: बाकावर वाकून एक माणूस ठोकून ठोकून नाणी घडवतोय.