जॅझ रेकॉर्डचे सहश्रवण (कोल्हापूर)

जॅझचे रसिक सध्या कोणती रेकॉर्ड ऐकत आहेत हे एकमेकांना सांगतात, ती लावून दाखवतात आणि तिच्यात नेमका कुठे कान द्यायचा हे सुचवतात. या रिवाजाला येथे सहश्रवण म्हटले आहे. कोल्हापुरात अशा गप्पांना ‘सध्या काय ऐकायलाय?’ एवढा प्रश्न पुरतो. उत्तर मात्र एका नावावर भागत नाही. मुख्य वादक कोण, सोबतीला कोण, वर्ष कोणते, रेकॉर्डची कोणती बाजू आणि तिच्यातली कोणती जागा मनात बसली, इतके सांगितले म्हणजे उत्तर पुरे झाले.

हा काटेकोरपणा जॅझच्या स्वभावातून आला आहे. जॅझमध्ये मूळ चाल हे निमित्त असते. त्या दिवशी त्या वादकांनी तिचे जे केले ती खरी कलाकृती. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स यांनी १९३९ मध्ये ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केले तेव्हा चाल जेमतेम सुचवून ते आपल्या वाटेने निघाले, आणि पुढे सॅक्सोफोनवादकांनी मूळ गाण्याइतकेच ते वादनही पाठ केले. त्यामुळे ‘बॉडी अँड सोल ऐकतोय’ हे सांगणे अर्धवटच राहते. ख्याल ऐकणाऱ्याला हे निराळे समजावावे लागत नाही. कुणी नट कामोद ऐकल्याचे सांगितले की ‘कुणाचा?’ हा प्रश्न आपसूक येतो आणि त्यामागून ‘कधीचा?’

कोल्हापूरचा कान या बाबतीत आधीपासून तयार आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ च्या सुमारास उस्ताद अल्लादिया खाँ यांना दरबारी आश्रय दिला आणि १९२२ मध्ये महाराजांचे निधन होईपर्यंत खाँसाहेबांचे वास्तव्य मुख्यतः येथे होते. त्यांची जयपूर-अत्रौली गायकी या गावात वाढली, देवल क्लब या संगीतसंस्थेसारख्या ठिकाणी ती ऐकली गेली. अनवट व जोड राग, लयीला बांधलेली आलापी आणि समेवर येण्याच्या नाना वाटा हे तिचे विशेष. या गायकीवर वाढलेल्या श्रोत्याला जॅझमधले कठीण काही लवकर उमगते. मात्र जॅझमधली स्वरसंवादी बाजू, म्हणजे सुरावटीखाली सतत बदलत जाणारे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट), त्याला सावकाश पचनी पडते.

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या हॉट सेव्हन या वाद्यवृंदाने १९२७ मध्ये वाजवलेले ‘मेलँकली ब्लूज’ ही दोन्ही ध्वनिमुद्रणे १९७७ च्या व्हॉयेजर अंतराळयानांवरील सोनेरी तबकडीत आहेत. दोन्ही तीन-साडेतीन मिनिटांची. ती एकापाठोपाठ एक ऐकावीत अशी शिफारस येथे आवर्जून करावीशी वाटते. एवढ्याशा अवकाशात बाईंनी भैरवी कशी उभी केली आणि आर्मस्ट्राँग यांच्या ट्रम्पेटने शेवटाकडे काय उंची गाठली, हे शेजारी ठेवून ऐकल्यावर दोघांच्या विचारातला नेमकेपणा लक्षात येतो.

सहश्रवणात सर्वांत उपयोगी पडणारी रेकॉर्ड म्हणजे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ ची ‘काइंड ऑफ ब्लू’. तिच्यातली पहिली रचना ‘सो व्हॉट’ आपल्या परिभाषेत सहज मांडता येते. ३२ बारचे (बार म्हणजे मात्रांचा एक खंड) एक आवर्तन, दर बारला चार मात्रा, म्हणजे एकूण १२८. पहिले १६ बार षड्ज पेटीच्या पांढरी दोन या पट्टीवर आणि स्वर काफी थाटाचे, गंधार व निषाद कोमल. पुढचे आठ बार तेच स्वर, पण षड्ज अर्ध्या स्वराने चढून काळी दोनवर जातो. शेवटच्या आठ बारांत तो पुन्हा पांढरी दोनवर येतो. थाट काफीचा म्हणून राग काफी शोधू नये. रागाचे चलन येथे नाही, फक्त स्वरांचा संच आहे. पण तंबोऱ्याच्या अचल षड्जावर वाढलेल्या कानाला हा षड्ज सरकण्याचा क्षण विलक्षण वाटतो. पियानो आणि बासच्या छोट्या प्रस्तावनेनंतर पॉल चेंबर्स बासवर मुखडा मांडतात आणि बाकीचे दोन ठोक्यांत त्याला उत्तर देतात. मग डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन व कॅननबॉल ॲडर्ली आणि पियानोवर बिल एव्हान्स या क्रमाने एकेकाचे वादन येते. डेव्हिस यांच्या वाट्याला दोनच आवर्तने आहेत. बोटांवर बार मोजत दोन्हींतला १७ वा बार पकडावा. जाणता श्रोता तिथे नुसती मान हलवतो आणि नवख्याला षड्ज कुठे सरकला ते कळते.

याच रेकॉर्डमुळे आवृत्ती सांगण्याचे महत्त्वही पटते. पहिल्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी, २ मार्च १९५९ रोजी, मुख्य टेप-यंत्र किंचित मंद चालत होते. त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर थोडे चढे येतात. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून हा दोष काढला गेला. जुनी प्रत लावून कुणी पांढरी दोनचा तंबोरा जुळवू पाहिला तर तो जुळणार नाही, आणि त्यात तंबोऱ्याचा दोष नाही.

तालाच्या बाजूने प्रवेश करायचा असेल तर पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीची ‘टाइम आउट’, तीही १९५९ चीच. तिच्यातली, चौकडीचे सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड यांची ‘टेक फाइव्ह’ ही रचना पाच मात्रांची, विभागणी तीन-दोन. झपतालाच्या दोन-तीनची सवय असलेला श्रोता आधी उलटा मोजतो आणि काही वेळाने सावरतो. ‘ब्लू रोंडो आ ला तुर्क’ मध्ये नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा पडतात. ब्रुबेक १९५८ मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवले होते.

भारतीय श्रोत्यांना जॅझ भेटण्याच्या वाटा तशा थोड्या होत्या: १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओवर विलिस कोनोव्हर यांचा शॉर्टवेव्हवरचा कार्यक्रम, १९७८ पासून मुंबईचा जॅझ यात्रा हा महोत्सव, आणि मुंबईच्या चोर बाजारातल्या जुन्या रेकॉर्ड.

बैठकीचे माप एका बाजूचे असते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची रेकॉर्डवर तीन मिनिटांच्या आसपास मावत असे. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणल्यावर एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली. ती बाजू संपेपर्यंत न बोलणे हा संकेत पाळण्यासारखा आहे. सुई उचलल्यावर आधी रेकॉर्ड आणणाऱ्याने बोलावे, मग बाकीच्यांनी.

कोल्हापूरचा पावसाळा रेकॉर्डना मानवत नाही. कव्हरला बुरशी धरते, आतला कागद ओलसर होऊन तबकडीला चिकटतो. रेकॉर्ड उभ्या ठेवाव्यात, कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर असावे आणि कळकट झालेले आतले कागद बदलावेत. जुन्या ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसल्या तर पृष्ठभाग विरघळतो आणि आवाज कायमचा जातो. त्यांना सुईही निराळी, जाड टोकाची लागते. दुसऱ्याची रेकॉर्ड हातात घेताना कडेने धरावी, बोटे खाचांवर पडू देऊ नयेत.

नव्या माणसाला भारताशी नाते सांगणारी रेकॉर्ड आधी द्यावी असे अनेकांना वाटते. सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांचे १९६० च्या दशकातले इंडो-जॅझ प्रयोग किंवा कोल्ट्रेन यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये वाजवलेले ‘इंडिया’ ही त्यांची नेहमीची निवड. ‘इंडिया’ जरूर ऐकावे. कॉर्ड जवळजवळ थांबलेले असल्याने आपला कान तिथे लगेच विसावतो. पण नेमक्या त्याच कारणाने ते पहिले नसावे. जे अनोळखी आहे, ते आधी भेटायला हवे. सुरुवात आर्मस्ट्राँग यांच्या १९२० च्या दशकातल्या रेकॉर्डपासून करावी, बारा बारांचे आवर्तन असलेला ब्लूज हा गीतप्रकार कानात बसू द्यावा, कॉर्ड बदलताना ट्रम्पेट काय करतो ते ओळखू यावे, आणि कोल्ट्रेन त्यानंतर लावावा.